भुवईला टेकणारी स्की

बुरुलचा स्कीच्या तीन जोड्या खांद्यावर टाकून माझ्या दुरुस्तीच्या शेडमध्ये शिरली आणि पायानेच दार लोटत म्हणाली, "शारशेन बाइके, आज एकही थाप नको. ह्यांतली कुठली घेऊ, एवढंच खरं सांगा."

बघा, सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी बोलायची ही रीत झाली! आमच्या उचबुलाक गावात वयाने मोठ्या पुरुषाला मानाने 'बाइके' म्हणतात. मलाही म्हणतात. पण म्हणताना गालातल्या गालात हसतात. का, तर म्हणे मी थापा मारतो. आता एका हिवाळ्यात बर्फ इतकं भुसभुशीत पडलं होतं की आमची गाय शिंकली आणि अंगणातलं सगळं बर्फ उडून शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडलं. शेजारी आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. ह्यात थाप कुठे आहे? शेजारी बोलत नव्हता, हे अख्ख्या गावाने पाहिलंय.

"बस," मी म्हणालो. "चहा घे. तळलेले बोर्सोक कालचे आहेत. एक मी काल तोंडात टाकलाय, अजून चघळतोय."

"बाइके!"

"बरं, बरं. खरं बोलतो. दाखव काय आणलंयस."

बुरुलचा चौतिसाची, दोन मुलांची आई. परदेशी पाहुण्यांना स्कीवरून जंगलात न्यायचं आणि नेले तेवढेच परत आणायचे, हे तिचं काम. पाच वर्षांची असताना पिंपाच्या फळ्या पायाला बांधून माझ्या शेडच्या छपरावरून उतरली होती. छपराला अजून खोक आहे. आता तिला उतरताना पाहिलं की वाटतं, डोंगर तिला विचारूनच वळणं घेतो.

आणि उद्या तिची परीक्षा होती. आमच्या डोंगरावरच्या बचाव पथकात अकरा माणसं. तोक्तोसुनचे गुडघे गेले म्हणून एक जागा रिकामी झाली. ह्या पथकात आजवर बाई आलेली नाही. बुरुलचाला ती जागा हवी होती, आणि ती मिरवायला नव्हे. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ जंगलात पाय मोडून पडला. तो कुठल्या घळीत असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पथकातल्या माणसाशिवाय बचावाच्या घसरगाडीला कुणी हात लावायचा नाही, असा नियम. पथक दुसऱ्या घळीत शोधत बसलं. भाऊ तीन तास बर्फात पडून होता. वाचला, पण पायाची दोन बोटं गेली. तेव्हापासून ती घसरगाडी बुरुलचाच्या डोळ्यांत होती.

परीक्षा अशी, की सकाळी तुमच्या स्कीवर लाल रंगाचा ठिपका लावतात. मग तीच जोडी शेवटपर्यंत. वर वाऱ्याने घासून काचेसारखं झालेलं कडक बर्फ, मध्ये देवदारांच्या जंगलात मांडीभर भुसभुशीत, खाली उन्हाने मऊ होऊन ढेकळं झालेलं. तिन्ही ठिकाणी जोडी बदलायची नाही. मागे घसरगाडी, तिच्यात पिठाच्या दोन गोण्या, आणि वेळ बारा मिनिटं.

"पहिली ही," बुरुलचा म्हणाली आणि एक पांढरी जोडी बाकावर ठेवली. तिच्यावर जांभळी फुलं होती. "नणंदेने बिश्केकहून पाठवली. दुकानदार म्हणाला, खास बायकांची."

मी ती जमिनीला टेकवली आणि तळव्याने मधोमध दाबली. उकडलेल्या शेवयांसारखी वाकली.

"खास बायकांची नव्हे, खास शिकाऊ बायकांची," मी म्हणालो. "दुकानदारांना वाटतं बाई म्हटली की ती हळूच जाणार. कंबर बघ, मधली रुंदी जेमतेम चार बोटं. कडक बर्फावर हळू गेलीस तर ठीक. वेग घेतलास की?"

"थरथरते. परवा दात वाजायला लागले माझे. आणि जंगलात तर सरळ बुडते."

"ठेव बाजूला. फुलं छान आहेत, भिंतीवर लाव. दुसरी?"

दुसरी काळी होती. तिने उभी केली तेव्हा छपराला लागते की काय वाटलं. "एसेनकुल बाइकेंनी दिली. म्हणाले, पथकात यायचं तर पथकासारखी स्की वापर."

एसेनकुल म्हणजे पथकाचा प्रमुख. शंभर किलोचा गडी, मनाने चांगला, पण एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढायला कुदळ लागते. त्याची जोडी मी दाबून पाहिली. हलली नाही. मी गुडघा टेकवून दाबली. गुडघा हलला.

"ही तो बसला की वाकते," मी म्हणालो. "तू साठ किलोची. तुझ्याखाली ही नुसती फळी. न वाकणारी स्की वळत नाही. आणि कंबर सहा बोटं! जंगलात नावेसारखी तरंगेल, पण वरच्या काचेवर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला तुला कंबरेतून अख्खी उलटी व्हावं लागेल."

"झाले. दोनदा." तिने कोपराचा निळा डाग दाखवला.

तिसरी जोडी राखाडी होती, कसलीही नक्षी नसलेली. मागच्या वसंतात एक पोलिश वाटाडी बाई बुरुलचाकडे ठेवून गेली होती. तिच्याकडे सामान फार झालं म्हणून. मी ती हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. पाच बोटांची कंबर. आत पातळ धातूचा पत्रा, म्हणजे वेगातही गडबडायची नाही. नाक हलकं वर उचललेलं, म्हणजे भुसभुशीत बर्फात आपोआप वर येणार. शेपूट ठाम. मी दाबली तर आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली. आणि उभी केली तर बुरुलचाच्या बरोबर भुवईला टेकली.

"किती दिवस चालवलीस?"

"पूर्ण जानेवारी. सकाळी कडकावर, दुपारी जंगलात, परतताना ढेकळांत. मुद्दाम."

"मग मला काय विचारतेस? उत्तर तुझ्या पायांनाच ठाऊक आहे."

"ठाऊक आहे हो! पण एसेनकुल बाइके मला हिच्यासकट सुरुवातीच्या रेषेवर उभं करणार नाहीत. नियम आहे ना. वर केलेल्या हाताच्या मनगटाला स्की लागली पाहिजे." तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि तो नियम कुणाचा?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

नियम माझा होता.

आमच्या तरुणपणी लाकडी स्की सगळेच हात वर करून मापायचे, तो काही माझा शोध नव्हे. पण नंतर फळ्या बदलल्या, आकार बदलले, जगाने ते माप सोडून दिलं. उचबुलाकने धरून ठेवलं ते माझ्यामुळे. चाळीस वर्षांपूर्वी मी पथकात होतो तेव्हा सगळ्यांना एक हकिगत सांगितली होती. हिमकड्याला भेग पडली, खाली तळ दिसेना, मी भरधाव येतोय. पण माझ्या स्की इतक्या लांब की नाक एका काठावर, शेपूट दुसऱ्या काठावर! मधे उभा राहून मी खिशातला कुरुत काढला, तो वाळवलेल्या दह्याचा गोळा संपेपर्यंत चघळला आणि मगच पलीकडे गेलो. ऐकणाऱ्यांत बारा वर्षांचा एसेनकुल होता. मोठा होऊन प्रमुख झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर पथकाच्या खोलीतल्या पाटीवर तो नियम रंगवून घेतला. वर मला बोलावून रंगाचा डबा धरायला लावला.

"बाइके," बुरुलचा हळूच म्हणाली, "त्या भेगेचं खरं किती?"

"बर्फ खरं होतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने राखाडी जोडी माझ्याकडे सरकवली. "बूट अडकवायचं बाइंडिंग माझ्या मापाने बसवून द्या. अर्धं बोट पुढे, तिथे मला नाक चांगलं दाबता येतं. कडांना धार लावा. उद्या मी हीच घेऊन जाणार. अडवलं तर अडवलं."

मी संध्याकाळपर्यंत राबलो. जुनी छिद्रं लाकडी खुंट्यांनी बुजवली, नवी पाडली, कडांवर अशी धार लावली की त्यांनी दाढी करावी. आणि राबताना एकच विचार डोक्यात: माझ्या एका भेगेपायी ह्या पोरीची वाट अडणार.

सकाळी लिफ्टने वर गेलो. सुरुवातीच्या रेषेपाशी निम्मं गाव जमलं होतं. एसेनकुल लाल रंगाचा डबा घेऊन उभा. बुरुलचाशिवाय दोन तरणे उमेदवार होते. त्यांनी हात वर केले, स्की मनगटाला लागल्या, ठिपके मिळाले. बुरुलचाने हात वर केला. स्की आपली भुवईपाशी.

"हे काय?" एसेनकुल म्हणाला. "मी दिलेली कुठाय?"

"तुमची तुमच्यासाठी चांगली आहे, बाइके. ही माझ्यासाठी."

"मुलांच्या खेळातली वाटते. नियम नियम असतो, बुरुलचा. मी तुझ्याविरुद्ध नाही. पण ही चालणार नाही."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हात खाली कर ना गं ताई, म्हणजे लागेल मनगटाला!" लोक हसले. बुरुलचाचे कान लाल झाले, पण ती रेषेवरून हलली नाही.

मग मी पुढे झालो. लोक आधीच हसायच्या तयारीत.

"एसेन," मी म्हणालो, "तो नियम पुसून टाक. भेग नव्हतीच."

"काय?"

"भेग नव्हती. कुरुतही नव्हता. मी जंगलातून उतरत होतो, स्की मनगटाएवढ्या लांब, वळता वळेनात. सरळ गेलो ते खाली गवताच्या गंजीत घुसलो, कमरेपर्यंत. ती गंजी ज्यांची होती त्यांच्या मुलीला त्याच दिवशी मागणी घालायची होती. तिच्या बापाने पाय धरून मला बाहेर ओढलं. आता गावाला काय सांगू? म्हणून भेग काढली. त्या लांब स्कींनी मला वाचवलं नाही, एसेन. त्यांनीच मला गंजीत घातलं."

एसेनकुलने डबा खाली ठेवला आणि पोट धरून हसायला लागला. त्याच्यामागून सगळे.

"वा, बाइके! गंजी! पाय धरून ओढला! ही तुमची आजवरची सगळ्यात फक्कड!"

"अरे, ही खरी आहे!"

"असणारच! गायीची पण खरी होती!"

आता सांगा, काय करायचं? जन्मभर हवेतल्या गोष्टी ह्यांनी डोळे झाकून गिळल्या आणि पहिल्यांदा तोंडातून खरं निघालं तर टाळ्या वाजवतात. माझा जीव असा चडफडला म्हणता! मी एसेनकुलचा कोट धरला.

"माझ्या बायकोची शपथ. ही पोर ह्या स्कीवर तुझ्या त्या दोघांपेक्षा चांगली उतरेल. कुणालाही हिच्या गाडीत झोपव, केसाला धक्का लागायचा नाही."

एसेनकुलचं हसू थांबलं. त्याने डोळे बारीक केले. "कुणालाही?"

"कुणालाही."

"मग पिठाच्या गोण्या कशाला? तुम्हीच झोपा, बाइके. तुम्ही झोपलात, तर मी ठिपका लावतो."

गर्दी आनंदाने ओरडली. मी वळून उताराकडे पाहिलं. वरचं बर्फ असं चकाकत होतं की त्यात ढगांचं प्रतिबिंब पडावं. बुरुलचा जवळ आली आणि कानात म्हणाली, "नको, बाइके. तुमची हाडं जुनी आहेत. मी पुढच्या वर्षी येईन."

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षीही पाटी तीच असणार. मी नेहमीप्रमाणे एखादी गोष्ट सांगून निसटायचं म्हणून तोंड उघडलं, तर एकही सुचेना. बंदच केलं आणि जाऊन गाडीत आडवा झालो.

त्यांनी मला नमद्यात गुंडाळलं आणि चार पट्ट्यांनी हनुवटीपर्यंत आवळलं. लोकरीतून बाहेर फक्त माझी दाढी. एसेनकुलने राखाडी स्कीवर ठिपका लावला, "मी बाजूने येतो, बघायला," म्हणाला आणि स्वतःच्या लांबलचक काळ्या जोडीवर चढला. बुरुलचाने गाडीचे दोन दांडे कमरेच्या दोन्ही बाजूंना धरले.

"आरामात?" तिने विचारलं.

"उशी हवी होती," मी म्हणालो, आणि आम्ही निघालो.

गाडीत पाठीवर पडलेल्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात: आभाळ, आणि पायाकडे मान केली तर ओढणाऱ्याच्या स्कीची शेपटं. मी शेपटांकडे बघत होतो. पहिल्या वळणाला खालून असा आवाज आला, जणू कुणी सुरीने काच कापतंय. शेपटं उजव्या कडेवर, मग डाव्या, मग उजव्या; घड्याळाच्या लंबकासारखी. गाडी मागून ढकलत होती, मी काही हलका नाही, पण स्की एकदाही थरथरली नाही. बाजूला एसेनकुल जात होता. त्याची वळणं एवढी मोठी, की प्रत्येक वेळी तो शेजारच्या तालुक्यात जाऊन परत येतोय असं वाटत होतं.

मग आवाज एकदम बंद झाला. जंगल. स्कीची नाकं बर्फातून वर आली, बुरुलचा गुडघ्यापर्यंत पांढऱ्यात, आणि देवदार दोन्ही बाजूंनी इतके जवळून जायला लागले की मी त्यांच्या साली मोजू शकलो असतो. एका फांदीने माझ्या दाढीवर टोपलीभर बर्फ ओतलं. "बाइके, जिवंत?" "खातोय!" दोन झाडं, मधे दाराएवढी फट, राखाडी शेपटं जागच्या जागी वळली आणि आम्ही पार.

मागून धाडकन आवाज आला.

बुरुलचाने दोन्ही कडा रोवून गाडी थांबवली. मी मान वाकडी करून पाहिलं. त्याच फटीत एसेनकुल आडवा. त्याची एक स्की दोन्ही खोडांना टेकून दाराच्या अडसरासारखी अडकली होती, आणि तो तिच्यावर पोटाने लटकत होता. कानांत बर्फ.

"लागलं का, बाइके?" बुरुलचाने ओरडून विचारलं. दांडे तिने सोडले नव्हते.

"नाही!"

"पाय हलवा. दोन्ही."

त्याने हलवले.

"मान?"

"अगं जा ना! घड्याळ चालू आहे! जा!"

ती आणखी एक क्षण त्याच्याकडे बघत राहिली, त्याने दुसऱ्यांदा पाय हलवून दाखवेपर्यंत. मग निघाली.

शेवटचा टप्पा मी सांगत नाही, कारण डोळे मिटले होते. ढेकळांवरून गाडी उडत होती, माझी कवळी वर-खाली होत होती, पण पुढून ओढ मात्र एकसारखी, तुटक नाही. मग सगळं थांबलं. डोळे उघडले तर तोक्तोसुन घड्याळ घेऊन माझ्यावर वाकलेला.

"किती?" बुरुलचाने धापा टाकत विचारलं.

"अकरा मिनिटं, चाळीस सेकंद," तोक्तोसुन म्हणाला. "एसेनकुलपाशी थांबलीस तेवढं धरून. आणि हा? हा जिवंत आहे का?"

"जिवंत आहे," मी म्हणालो, "पण सोडू नका एवढ्यात. नमद्यात ऊब आहे."

बाकीच्या दोघांची पाळी नंतर आली. तोवर वरची गर्दी लिफ्टने खाली आली होती. एक चौदा मिनिटांत उतरला, दुसऱ्याची गोणी जंगलात फुटली आणि तो पांढऱ्यावर पांढरा होऊन आला. एसेनकुल त्या सगळ्यांच्या नंतर, पायी, लांब स्की खांद्यावर घेऊन. तो सरळ पथकाच्या खोलीत गेला, भिंतीवरची पाटी काढून बाहेर आणली आणि खिशातल्या चाकूने वर केलेल्या हाताची ओळ खरवडायला लागला. लाकूड कुरकुरत होतं.

मान वर न करता त्याने विचारलं, "गंजी कुणाची होती, बाइके?"

"माझ्या सासऱ्याची."

"हं." थोडं आणखी खरवडून झालं. "मग आता काय लिहू?"

"ज्याची त्याची उंची, वजन आणि पाय बघून," बुरुलचा म्हणाली. "आणि आधी तिन्ही बर्फांवर चालवून."

"फार लांब आहे, पाटीवर मावणार नाही."

"मग अक्षरं बारीक काढा."

त्याने पहिल्यांदा हसून तिच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पथकाचा लाल कोट घेऊन आला. तोक्तोसुनच्या मापाचा तो कोट. बुरुलचाने घातला तर बाह्यांतून बोटं बाहेर येईनात.

"हा आता कुठे टेकायला हवा होता?" तिने बाह्या हलवत विचारलं, आणि ह्या वेळी लोक हसले ते तिच्याबरोबर.

आम्ही आत चहाला बसलो. तिने बाह्या तीनदा दुमडल्या आणि आशल्यान-फूच्या वाडग्यातली पहिली गार, आंबट शेवई तोंडाला लावली, तोच एसेनकुलच्या कमरेचा वायरलेस खरखरला. वरच्या लिफ्टपाशी कुणा पाहुण्याचा गुडघा मुरगळला होता. फार नव्हता, पण उतरवायला हवा होता.

एसेनकुलने एका माणसाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाला, "बुरुलचा. गाडी घे."

ती वाडगा तसाच ठेवून उठली. दाराशी राखाडी स्की उचलल्या, एका खांद्यावर टाकल्या, आणि घसरगाडीचा दोर दुसऱ्या हातात धरला. तो दोर तिने कुणाला विचारून धरला नाही. दारातून बाहेर पडताना मागे वळून म्हणाली, "वर नेताना रिकामीच न्यायची का? वजन असलं की सरळ चालते."

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

मी किटली उचलली आणि पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. तिथे मागचं दार आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे.